लाईन गेली

पंचेचाळिशीत मैतर कसा करतात
हे कोणी शिकवलं नव्हतं.
शाळेत बरं होतं, एका बाकावर बसवलं की झालं,
अर्धं बोर चावून द्यायचं.
इथं माझं मोटारी भरायचं दुकान, नेर रोडला.
तांब्याची तार, वार्निशचा वास,
आणि गिऱ्हाईक, काम झालं की ज्याची पाठ.

शालिक उईके आला एक जळका पंखा घेऊन.
लाईनमन. नवीन बदली.
हातमोजे काढून स्टुलावर बसला, म्हणाला,
"च्या भेटते का इथं?"
"भेटते, पण लय गोड करते बुढा."
"करू दे."
एवढंच.

पुढं तीन वर्षं माझा फोन :
"लाईन गेली."
"मालूम आहे ना बे, मीच बंद केली."
"कवा येते?"
"च्या पिऊन येते."
मग फाट्यावर त्याच्या गाडीचा आवाज.
गावाला वाटायचं, मी विजेच्या मागं लागलो आहे.

बोलणं तसं कमीच.
त्याच्या बायकोचे गुडघे, माझ्या पोराचं उडालेलं गणित.
एकदा मात्र रात्रभर तुरीच्या धुऱ्यावर
तो वर खांबावर, तारेला हात घालून,
आणि मी खाली डीपीपाशी उभा,
कोणी येऊन स्विच चालू करू नये म्हणून.
लघवीलाही हललो नाही.
उतरल्यावर तो म्हणाला, "डास लय आहेत तुमच्याकडं."

मग त्याची बदली झाली, सिंदेवाहीला.
जाताना त्यानं मला त्याची पक्कड दिली.
मला काय द्यावं सुचेना,
तोच पंखा पुन्हा भरून दिला, फुकट.
"येजो एकडाव."
"येतो ना."
गेलो नाही. तोही आला नाही.
सोयाबीन, सोयरीक, दवाखाना, दोन एसट्या,
आणि मुख्य म्हणजे,
काम काय सांगून जायचं?

पण लाईन जायची.
मी अंधारात सवयीनं लावायचो,
"लाईन गेली बे."
"मग? इथून फुंकर मारू का?"
"सांगून ठेवलं."
"बरं केलं."
आणि मग अर्धा तास,
लाईन येईस्तोवर.

यंदा गावाला नवं फीडर आलं.
लाईन जात नाही.
लोक खूश. कांता म्हणते, सुटलो एकदाचे.
मी पोळ्याला फोन हातात घेतला, ठेवला.
दिवाळीला घेतला, ठेवला.
उगाच लावला तर तो घाबरेल, म्हणेल, कोण गेलं?
आमच्यात कामाशिवायचे फोन मरणाचेच येतात.

काल रात्री मात्र लावला.
डोक्यावर बल्ब लख्ख,
कांताची सिरियल चालू.
म्हटलं, "लाईन गेली बे."

तिकडून काहीच नाही.
माझ्यामागं टीव्हीतली सासू
मोठ्यानं रडत होती.
ती त्याला ऐकू गेली असणार.
तारेतली गुणगुण ऐकून
जिवंत का मेलेली सांगणारे कान ते.

"हो का," शालिक म्हणाला.
"लय अंधार असंन मग."
"लय."
"थांब, मीबी बंद करतो."

खटका पडला.
मग त्याचा पंखा हळूहळू थांबत गेला.
मी भरलेला पंखा, दोनदा,
त्याची घरघर मला झोपेतही कळेल.

मी उठून मेन स्विच खाली ओढला.
सासू रडता रडता मधेच तुटली.
"लाईन गेली वाटते जी," कांता म्हणाली,
आणि काडीपेटी शोधायला लागली.

"हं," तिकडून शालिक.
"बोल आता."